पहाटे चार ते आठ : जंगलातला रस्ता कुणाचा?

लांब पोस्ट आहे, सवडीने वाचा. ज्यांना फक्त ‘वाघ दिसला का?’ एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगून टाकतो : नाही दिसला. सफारीचं बुकिंगच केलं नव्हतं.

या मे महिन्यात मी आणि माझा मावसभाऊ नागपूरहून निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, सिंदेवाही, मूल करत गडचिरोली, पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग भामरागड. येताना गडचिरोलीहून मूल-चंद्रपूर रस्ता धरला आणि वरोऱ्यावरून परत. चार दिवस, आठशेच्या आसपास किलोमीटर. पारा रोज पंचेचाळिसाच्या वर. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं. ‘मे महिन्यात चंद्रपूरकडे कोण फिरायला जातं?’ प्रश्न चुकीचा नाही. पण विदर्भातलं जंगल आणि तिथली माणसं कशी जगतात हे बघायचं असेल तर मे महिनाच बघावा. पावसाळ्यात सगळं हिरवं दिसतं आणि हिरव्यात बरंच काही झाकलं जातं.

या प्रवासातून परत आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, त्यासाठी ही पोस्ट.

ऊन इथे सगळ्यांचं वेळापत्रक ठरवतं. सकाळी दहानंतर ते संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर कुणी नसतं. गुरं झाडाखाली, माणसं घरात, दुकानांचं शटर अर्धं खाली. रस्त्यावर एखादा दुपट्टा गुंडाळलेला मोटारसायकलवाला, बाकी सामसूम. मग सगळे कामं कधी करतात? पहाटे आणि अंधार पडता पडता. जंगलातल्या जनावरांचंही तेच. सांबर, रोही, रानडुक्कर दिवसभर सावलीत आणि संध्याकाळी पाण्यावर. वाघही तसाच. आणि आपण, म्हणजे गाडीवाले? आपणही उन्हाच्या आधी अंतर काटायचं म्हणून पहाटे चारला निघतो. ट्रकवाल्यांचं तर विचारूच नका. आष्टीजवळच्या एका ढाब्यावर एका ड्रायव्हरने सरळ सांगितलं, ‘दिवसा चालवलं तर टायर फुटते भाऊ.’ तापलेलं डांबर, भरलेली गाडी, जुने टायर. त्याचं म्हणणं खोटं नाही.

म्हणजे उन्हामुळे माणूस, जनावर आणि गाडी हे तिघं एकाच वेळी, एकाच रस्त्यावर येतात. चोवीस तासांची रहदारी चार-पाच तासांत दाबून बसवल्यासारखी होते. आणि नेमक्या त्याच तासांत उजेड सगळ्यात कमी असतो.

नागभीड ते सिंदेवाही या पट्ट्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. पहाटेचे साडेचार. हेडलाइटच्या उजेडात एकदम चार-पाच बायका दिसल्या, एकीच्या कडेला लहान पोर. मागे सायकल हातात धरून एक म्हातारे गृहस्थ. रस्त्याच्या कडेकडेने चाललेले. कडेने म्हणतोय, पण कडा होती कुठे? डांबर संपतं तिथे लगेच खचलेली माती, मग झुडूप. त्यामुळे माणसं डांबरावरूनच चालतात. हे सगळे तेंदूपत्त्याला निघालेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तेंदूपत्ता म्हणजे बिडीचं पान. मे महिन्यात जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा हंगाम. पानं तोडायची, घरी आणून ७० पानांचं एक पुडकं बांधायचं आणि दुपारनंतर संकलन केंद्रावर मोजून द्यायचं. अशी हजार पुडकी झाली की एक प्रमाण गोणी. घरातलं प्रत्येक माणूस, शाळेला सुट्टी असल्यामुळे पोरंसुद्धा, या कामात. खरिपाच्या बियाण्याचे, खताचे पैसे बऱ्याच घरांत इथूनच येतात. गडचिरोलीत तर अनेक ग्रामसभा आता स्वतः पत्त्याचा लिलाव करतात. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. तीही पहाटेच वेचायची, कारण फुलं रात्री गळतात आणि उजाडल्यावर त्यावर गुरं आणि अस्वलं दोघांचा डोळा.

चहाच्या टपरीवर त्यातल्याच एका मावशींशी बोलणं झालं. एवढ्या अंधारात का निघता, विचारलं. ‘दहाच्या आंत घरी याव लागते भाऊ. मंग पत्ता तोडता येत नाई. ऊन डोक्यावर येते, पानं बी कोमेजतेत.’ वाघाची भीती नाही वाटत? त्या हसल्या. ‘वाटते ना. पण वाघ रोज नाई येत. गाड्या रोज येतेत.’

त्यांच्या हसण्यावर जाऊ नका. याच सिंदेवाही तालुक्यात मे २०२५ मध्ये तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात मेलेल्या त्या एकट्याच नव्हत्या. सरकार मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देतं, रक्कम पूर्वीपेक्षा बरीच वाढली आहे, चांगलंच आहे. पण पैसे माणूस गेल्यावर मिळतात. माणूस जाऊ नये म्हणून पहाटे चार वाजता त्या रस्त्यावर कोण असतं? आम्हाला तरी कुणी दिसलं नाही. ना वनखात्याचं वाहन, ना पोलिसांचं, ना एसटी.

वाघाचं कौतुक मलाही आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातला मोठा वाटा चंद्रपूरचा. ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर, भोवती बफर अकराशेच्या वर. पण वाघाला गाभा-बफर कळत नाही. ब्रह्मपुरी वनविभाग बघा. ना राष्ट्रीय उद्यान, ना गेट, ना जिप्सी. धानाची शेती, मधे मधे जंगलाचे तुकडे, गावं, रस्ते, कालवे आणि त्यात वाघ. म्हणजे पर्यटकाला तिकीट काढून जो दिसतो, तो इथल्या माणसाला फुकट दिसतो. दिसू नये असं वाटत असताना दिसतो.

आता रस्त्यांकडे येऊ, कारण मुद्दा तिथे आहे.

गेल्या काही वर्षांत या दोन जिल्ह्यांत रस्त्यांची कामं जोरात आहेत. रुंदीकरण, चौपदरीकरण, सिमेंटीकरण. गडचिरोलीला पोलाद उद्योगाचं केंद्र करायचं ठरलंय, त्यामुळे सूरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग आलापल्ली-आष्टी भागात दिवसरात्र दिसते. आणि प्रत्येक नव्या रस्त्याच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं : ‘अंतर अमुक तासांत कापता येणार.’ वेग हा एकच फायदा मोजला जातो.

मी रस्त्यांच्या विरोधात नाही, हे ठळक अक्षरांत वाचा. मुंबई-पुण्यात बसून ‘जंगलात रस्ते नकोत’ म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. भामरागडला जाऊन आलात की कळतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचतोय. बाळंतीण खाटेवर घालून नाले ओलांडणारी माणसं याच तालुक्यातली. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. आज डांबरी रस्त्याने गाडी तिथे जाते आणि त्याचा आनंदच आहे.

पण त्या भागातल्या माणसांशी बोला आणि विचारा, रस्ता कशासाठी हवा? मी विचारलं. एकानेही ‘ताशी शंभरने जायला’ असं सांगितलं नाही. नाल्यावर पूल हवा, जुलैमध्ये बंद पडू नये. एसटी वेळेवर यावी. अॅम्ब्युलन्स गावापर्यंत यावी. म्हणजे त्यांना हवा आहे बारमाही रस्ता, आणि आपण त्यांच्या नावावर बांधतोय वेगवान रस्ता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बारमाही रस्त्याचा पैसा पुलात, मोऱ्यांत, साइडपट्टीत जातो. वेगवान रस्त्याचा पैसा रुंदीत जातो. त्यात चालणाऱ्या बाईला कडा मिळत नाही आणि जनावराला ओलांडायला चार पावलं जास्त पडतात.

‘मग वन्यप्राण्यांसाठी काय करणार, उडवायचे का?’ असं विचारणारे येतीलच. त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. नागपूरहून जबलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी वर्षानुवर्षं वाद चालला, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली गेली. काही वाटा पन्नास मीटरच्या, एक तर साडेसातशे मीटर लांब. तेव्हा अनेकांनी टिंगल केली होती, ‘वाघ काय बोर्ड वाचून पुलाखालून जाणार?’ भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ जातींचे वन्यप्राणी पुलांखालून जाताना टिपले गेले. ११ वेगवेगळे वाघ, एकूण ८९ वेळा. वाघाने बोर्ड वाचला नाही, त्याला अंधार आणि शांतता मिळाली, तो गेला.

त्या पुलांखालून गावची गुरं-माणसंही जाऊ शकतात, हे कुणी फारसं बोलत नाही. वरून ट्रक ऐंशीने जाऊ दे, खाली कुणाला त्याचं घेणंदेणं नाही.

मग हे सगळीकडे का नाही? कारण पेंचमध्ये ते न्यायालयाच्या रेट्यामुळे झालं. जिथे वाघ प्रकल्पाचं नाव लागतं, परवानग्या लागतात, याचिका होते, तिथे पूल होतो. जिथे ‘साधं जंगल’ आहे तिथे पिवळ्या पाटीवर हरणाचं चित्र काढून विषय संपतो. ‘वन्यप्राणी भ्रमणमार्ग, वाहने सावकाश चालवा.’ त्या पाटीखालून आम्ही गेलो तेव्हा मागून एक एसयूव्ही डिपर मारत होती, कारण आम्ही चाळीसने चाललो होतो.

आणि साध्या जंगलात काय होतं त्याची यादी काही लहान नाही. डिसेंबर २०१७ : नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा वाघ गाडीच्या धडकेत मेला. नोव्हेंबर २०१८ : चंद्रपूरजवळ जुनोनाच्या जंगलात रेल्वेखाली तीन बछडे एकाच वेळी गेले. ऑगस्ट २०२३ : गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, नवेगाव-नागझिऱ्याच्या भ्रमणमार्गात, कारने उडवलेला तरुण वाघ खुरडत खुरडत झाडीत शिरतानाचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, फॉरवर्डही केला असेल. हे वाघ होते म्हणून बातमी झाली. चितळाची, रानमांजराची, घोरपडीची बातमी होत नाही. मोटारसायकलला रानडुक्कर धडकून मेलेल्या माणसाची बातमी जिल्हा पानावर चार ओळींत येते.

आम्ही येताना मूल ते चंद्रपूर हा टप्पा संध्याकाळी साडेसहाला धरला. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतं. त्या उबेला साप येतात. रातवा नावाचा पक्षी आहे, मातकट रंगाचा, तो रस्त्यावरच बसून असतो आणि गाडी अगदी जवळ आल्यावर उडतो, किंवा उडत नाही. एका तासात आम्ही चिरडलेले तीन साप आणि दोन रातवे मोजले. मावसभावाने नंतर मोजणं बंद केलं.

पाण्याचा मुद्दा यात कुणी धरत नाही. मे महिन्यात जनावर रस्ता का ओलांडतं? बहुतेक वेळा पाण्यासाठी. वनखातं उन्हाळ्यात टँकरने किंवा सौरपंपाने पाणवठे भरतं, चांगलं काम आहे. पण टँकरला सोयीचं म्हणून पाणवठा रस्त्याजवळ केला की रोज संध्याकाळी पलीकडच्या जंगलातल्या जनावरांना डांबर ओलांडायला आपणच बोलावणं धाडतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. जुन्या लोकांनी उतार बघून, जंगलाच्या पोटात बांधलेले. कितीतरी गाळाने भरलेत, मे उजाडेपर्यंत कोरडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आत खोलवर असलेल्या या तलावांचा गाळ काढला तर जनावराचं डांबरावर येणं आपोआप कमी होईल, आणि धानाला पाणी मिळेल ते वेगळंच. रस्त्याच्या डीपीआरमध्ये दोन तलावांचा गाळ काढण्याचा खर्च टाकायला कुणाची हरकत असावी? तो खर्च एकूण रकमेत शोधूनही सापडणार नाही.

कालव्यांचंही तेच. गोसीखुर्दचा उजवा कालवा याच पट्ट्यातून जातो. काँक्रीटच्या गुळगुळीत, उतरत्या भिंती. तहानलेलं जनावर आत उतरलं की वर येता येत नाही. ठरावीक अंतरावर खडबडीत उतार आणि वरून मातीचे पूल, एवढं आधीच केलं असतं तर बरेच जीव वाचले असते. नंतर करायला दहापट खर्च आणि त्याहून जास्त पत्रव्यवहार.

आणि आता हत्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि रमला. म्हणजे ज्या रस्त्यांचे आराखडे २०२० च्या आधी झाले, त्यांत हत्ती हा प्राणी विचारातच नाही. चार टन वजनाचं जनावर रात्री वळणावर उभं असेल तर ताशी ऐंशीच्या गाडीचं काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिलं, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचं एकही टेंडर असं निघू नये ज्यात पहिल्याच अंदाजपत्रकात प्राण्यांसाठी खालून वाट आणि माणसांसाठी पक्की साइडपट्टी नाही. संरक्षित क्षेत्र असो वा नसो. नंतर ‘बघू’ म्हटलं की ते कधीच बघितलं जात नाही.

आणि पूल होईपर्यंत वेग कमी करा. कर्नाटकात बंदिपूरमधून जाणारे महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. अॅम्ब्युलन्स आणि मोजक्या बसेस सोडल्या जातात. केरळवाल्यांनी आरडाओरड केली, अजूनही करतात, पण बंदी टिकली आहे. आपल्याकडे रस्ता पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, कारण इथे गावं रस्त्यावरच आहेत आणि रात्री दवाखान्यात जाणारा गडचिरोलीचाच माणूस असतो. पण मार्च ते जून, पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी सहा ते दहा, जंगलाच्या टप्प्यात ताशी चाळीसची मर्यादा आणि ती मोजणारे कॅमेरे, एवढं तरी? समृद्धीवर वेग मोजून दंड पाठवता येतो, तर नागभीड-सिंदेवाहीला का येत नाही? जड वाहनांना तेवढे तास ठरावीक नाक्यांवर थांबवता येईल. हो, खनिजवाल्यांचा खोळंबा होईल. होऊ दे. लाखो वर्षं डोंगरात पडून असलेलं लोखंड चार तास नाक्यावर थांबलं म्हणून गंजणार नाही.

तेंदूपत्त्याच्या हंगामापुरत्या पहाटेच्या एसटी फेऱ्या हा तर अगदी साधा उपाय. एक गाडी साडेचारला गावातून जंगलाच्या कडेपर्यंत, परत साडेनऊला. माणसं गटाने जातील, गटाने येतील, अंधारात डांबरावरून चालावं लागणार नाही. वनरक्षकाला कळेल की आज कोणत्या बाजूला किती माणसं आत आहेत. पर्यटकांच्या जिप्सी पहाटे साडेपाचला गेटवर बरोब्बर हजर असतात, नंबर, गाइड, ओळखपत्र सगळं तपासून. पुडक्यांना जाणाऱ्या बाईसाठी यातलं एकही नाही, आणि जंगलात जिप्सीपेक्षा जास्त आत तीच जाते.

‘स्थानिकांना विकास नको असतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी. सुमारे अठराशे हेक्टर जंगल ग्रामसभेकडे आलं. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेने मिळवला. त्यांनी बांबू विकला, रस्त्याने ट्रकमधूनच विकला. रस्ता त्यांनाही हवा होता. फरक एवढाच की कुठे तोडायचं, किती तोडायचं, हे गाव ठरवत होतं. रस्ता कुठून जावा, जनावराची वाट कुठे आहे, हेही सगळ्यात आधी गावालाच माहीत असतं. सल्लागार कंपनीचा माणूस दोन दिवस ड्रोन उडवून जातो. गुराख्याला विचारलं असतं तर त्याने बिडी संपायच्या आत सांगितलं असतं की सांबर कोणत्या नाल्याने उतरतं.

म्हणून एक काम मागतोय. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, चामोर्शी, अहेरी, कोहमारा, देवरी, या भागातले जे कुणी वाचत असाल : तुमच्या रस्त्यावर जनावर नेमकं कुठे ओलांडतं आणि पत्त्याला-मोहाला जाणारी माणसं कुठे ओलांडतात, ते किलोमीटरच्या दगडाच्या आकड्यासकट लिहून ठेवा. महिना आणि वेळ टाका. मेलेलं जनावर दिसलं तर फोटो काढा, पण वळणावर गाडी उभी करून नाही. हे आकडे घेऊन ग्रामसभेत ठराव करता येतो आणि ठरावाची प्रत बांधकाम खात्याला, वनखात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना देऊन पोच घेता येते. आमच्याकडे नागभीड ते मूलमधल्या सात ठिकाणांचे आकडे आहेत, ते खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. त्यात चुकलं असेल तर दुरुस्त करा, राहिलं असेल तर भर घाला. पावसाळ्यात कामं थांबतात, ऑक्टोबरमध्ये नवी टेंडरं निघतील. त्याआधी यादी तयार हवी.